चिमटा, फ्रीज आणि ग्लिसरीन

पाऊस स्थिरावला, अंजनेरीच्या पठारावर हिरवळ धरली की नाशिकच्या निसर्गप्रेमी मंडळींत एक वाद हमखास उगवतो. एक गट म्हणतो, कॅमेरेवाल्यांना डोंगरावर बंदी घाला, निदान फ्लॅश तरी बंद करा, उजेड मारमारून किडे आंधळे करताहेत. दुसरा गट म्हणतो, द्राक्षबागेतल्या एका फवारणीत किती किडे मरतात ते मोजा आणि मग आमच्या चार फोटोंबद्दल बोला. दोन्हीकडचा आवाज मोठा आहे आणि दोन्हीकडचा मुद्दा भलतीकडेच आहे. मॅक्रो फोटोग्राफीत, म्हणजे बारीक जीव अगदी जवळून मोठे करून टिपण्यात, किड्याचं नुकसान होतं ते हाताने. चिमट्याने उचलणं, डबीत घालून घरी नेणं, फ्रीजमध्ये गारठवणं, ग्लिसरीनचे थेंब फवारणं, समोरची फांदी छाटणं, आणि हे सगळं करून खाली ‘पहाटेचा दवबिंदू, अंजनेरी’ असं लिहिणं. बंदी हवीच असेल तर या हातचलाखीवर हवी. तिची अंमलबजावणी वनखात्याच्या आधी स्पर्धांचे परीक्षक, कार्यशाळांचे आयोजक आणि असल्या फोटोंना वाहवा देणारे आपण सगळे करू शकतो.

आधी फ्लॅशचं पाहू. साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसवायचा सुटा फ्लॅश) १/१६ शक्तीवर ठेवला तर त्याचा झोत सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात संपतो. मॅक्रोवाला फ्लॅश लावतो तो याच कारणाने: हात हलला, वाऱ्याने काडी डुलली तरी प्रतिमा हलत नाही. पुढे मोठा डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) असला की तो प्रकाश आणखी पसरतो. दिवसाउजेडी गवताच्या टोकावर बसलेली रॉबर फ्लाय ही शिकारी माशी असल्या झोताकडे ढुंकून पाहत नाही. उडालीच तर माणसाच्या सावलीने उडते आणि बऱ्याचदा त्याच काडीवर परत येते. समुद्रतळावरच्या छोट्या माशांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लॅशचा परिणाम पाणबुड्याच्या नुसत्या उपस्थितीपेक्षा जास्त आढळला नाही. मासा म्हणजे किडा नव्हे, हे मान्य. पण ‘फ्लॅश म्हणजे अत्याचार’ हे गृहीत धरणाऱ्यांनी आपल्या बाजूचा पुरावा तरी पुढे करावा. १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तराईच्या जंगलात वाघांचे रात्रीचे फोटो घेतले. वाटेवर बारीक तार लावलेली, वाघाचा पाय पडला की धडाड फ्लॅश. आजच्या स्पीडलाइटपुढे तो प्रकार कितीतरी दांडगा होता. तरीही त्याचं काम बंदुकीला पर्याय म्हणून वाखाणलं गेलं, कारण वाघ आपल्या वाटेने आला आणि आपल्या वाटेने गेला.

फ्लॅशविरोधकांचं एक म्हणणं मात्र पूर्ण खरं आहे. अंधाराला डोळे सरावलेल्या जिवांना कृत्रिम उजेड नको असतो, आणि त्यातही क्षणभराच्या फ्लॅशपेक्षा फोकस मिळेपर्यंत तोंडावर धरून ठेवलेली टॉर्च जास्त वाईट. याचं ठळक उदाहरण म्हणजे काजवे. पावसाच्या तोंडावर घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. काजव्यांत नर उडत लुकलुकतो, झुडपात खाली बसलेली मादी त्याला उत्तर देते. हा सगळा संसार उजेडाच्या इशाऱ्यांवर चालतो. त्यात हेडलाइट, मोबाइल आणि टॉर्च घुसले की संवादच तुटतो. तिथे फ्लॅशला, टॉर्चला आणि गाडीच्या दिव्यांना सरसकट मनाई हवी, त्यावर दुमत नको. आणि तिथून येणाऱ्या फोटोंबद्दलही बोलायला हवं. झाडावर लाखभर काजवे दाखवणारा फोटो बहुतेक वेळा वीस-तीस सेकंदांच्या कित्येक फ्रेम एकावर एक चढवून केलेला असतो. तंत्र म्हणून त्यात गैर काही नाही. पण ‘इतक्या फ्रेम, एवढा वेळ’ हे लिहिलं नाही तर पाहणारा पुढच्या वर्षी तेच दृश्य डोळ्यांनी बघायला गाडी काढतो, आणि तिथे पोचल्यावर निराश होऊन झाडाजवळ, आणखी जवळ जातो.

मग हात पुढे का येतो? फोटोवाले दुष्ट असतात म्हणून नाही. कारण प्रकाशशास्त्रात आहे. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मोठेपणाला, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराइतका उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी धारदार दिसणारा पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा मिळतो. २:१ वर एफ/८ ला तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतका उरतो; म्हणजे मुंगळ्याचा डोळा धारदार, जबडा धूसर. छिद्र आणखी बारीक करावं तर विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळंच मऊ पडतं, कारण १:१ वर लिहिलेलं एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं. म्हणून फोकस स्टॅकिंग आलं: अंतर किंचित बदलत पंधरा, वीस, तीस फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर जोडायच्या. त्या वीस फ्रेम होईपर्यंत किड्याने मिशीही हलवता कामा नये. इथेच फ्रीज आठवतो. इंटरनेटवर पाहिलेला डोक्यापासून टोकापर्यंत लख्ख फोटो आपल्यालाही हवा असतो, जिवंत किडा तो देत नाही, आणि कोणीतरी सांगतं, ‘पाच मिनिटं थंड कर.’

यात उपकरणांचाही वाटा आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सने १:१ फोटो घेताना लेन्सच्या तोंडापासून किडा साधारण १३ ते १५ सेंटिमीटर लांब असतो. ६० मिमीने हे अंतर नऊ-दहावर येतं. आणि मोबाइलला चिमट्यासारखं अडकवायचं स्वस्त भिंग दोन-तीन सेंटिमीटरवर जाऊन भिडतं. इतक्या जवळ कुठला चतुर बसून राहील? मग तो पंखांना धरला जातो. नवशिक्यांना हे भिंग घ्यायला सांगणारे नकळत हात लावायचीच शिकवण देतात. त्यापेक्षा घरात पडलेल्या ५५-२५० मिमीसारख्या झूमवर रेनॉक्स डीसीआर-२५० हे पुढे अडकवायचं भिंग बसवा. मूळ लेन्सचा फोकस अनंतावर आणि झूम २५० वर ठेवलं की प्रतिमा खऱ्या आकाराच्या दुप्पट, आणि किडा भिंगापासून सुमारे १२ सेंटिमीटर दूर. नव्या मॅक्रो लेन्सच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

फ्रीजची बाजू घेणारे म्हणतात, थंडीने किडा मरत नाही, गरम झाला की उडून जातो. काही अंशी खरं आहे. कीटकांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, थंडीत ते निपचित पडतात आणि उन्हाने सावरतात. पण पंधरा अंशांच्या रात्रीतून हळूहळू उबेत येणं आणि दुपारच्या तीस अंशांतून चार अंशांच्या कप्प्यात जाणं यांत फरक नाही का? शिवाय सावरेपर्यंतच्या वेळेत तो कुठे असतो? अनोळखी फांदीवर, उघड्यावर, मुंग्यांच्या वाटेवर. अर्धवट गारठलेलं फुलपाखरू मुंग्यांना आयतंच. ग्लिसरीनचं त्याहून वाईट. कीटक अंगाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून श्वास घेतात. पाण्याचा थेंब वाळून जातो, ग्लिसरीन तिथेच चिकटून राहतं.

गंमत म्हणजे नाशिककरांना या कशाचीच गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली सहज जातो, निफाडकडे त्याहूनही खाली. त्या दिवसांत सूर्य उगवायच्या आधी गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या कडेच्या गवतात गेलं तर टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) दवाने माखून काड्यांना चिकटलेल्या असतात. ऊन अंगावर येईपर्यंत त्या हलत नाहीत. तीस फ्रेमचं स्टॅकिंग सावकाश करता येतं. निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीचे नर संध्याकाळी जबड्याने काडी पकडून ओळीने झोपतात. ती जागा एकदा सापडली की सहसा दुसऱ्या दिवशीही तिथेच भेटतात. पद्धतही अवघड नाही. खाली वाकून, सावली पडू न देता जा. अर्ध्या मीटरवरून पहिली फ्रेम घ्या, मग बोटभर-बोटभर पुढे सरका. मिश्या उभ्या झाल्या, पंख थरथरले की थांबा, एक बोट मागे या. शटर १/२००, एफ/११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅश १/१६ किंवा कमी. वारा असेल तर डाव्या हाताची बोटं काडीला खाली टेकवा आणि लेन्स त्याच हातावर ठेवा. काडी आणि कॅमेरा एकत्र डुलतात. मधे पान येत असेल तर तोडू नका, दोऱ्याने बाजूला ओढा, काम झालं की सोडा. त्या पानाच्या आडोशानेच तो किडा तिथे बसलेला असतो. द्राक्षबागेत मात्र मालकाला विचारल्याशिवाय आणि शेवटची फवारणी कधी झाली ते कळल्याशिवाय शिरू नये. तिथल्या पानावर आडवं पडून फोकस करणाऱ्याच्या कोपराला काय लागतं त्याचा विचार करावा.

‘स्वस्थ बसलेला जीव म्हणजे उत्तम विषय’ हा समजही तपासून घ्यायला हवा, कारण स्वस्थपणाची कारणं वेगवेगळी असतात. रुईच्या पानावरची सुरवंट कात टाकण्याआधी रेशमाची बारीक गादी विणते, तिच्यात पाय अडकवते आणि बराच काळ निश्चल राहते. नवख्याला वाटतं, शांत आहे, उचलून चांगल्या पार्श्वभूमीवर ठेवू. उचलली की पायांची पकड तुटते आणि जुनी कात सोडवायला आधार राहत नाही. कात अर्धवट अडकली की सुरवंट मरते. पाण्यातून वर येऊन नुकताच जुन्या कातेतून निघालेला चतुर तसाच. त्याचे पंख अजून ओले, मऊ असतात. एक बोट लागलं तर पंख वाकडा वाळतो, आणि वाकड्या पंखाचा चतुर शिकार करू शकत नाही. बेडकाला हात लावणाऱ्याच्या हातावर डास पळवायचं मलम असतं आणि बेडूक कातडीने श्वास घेतो. दगड उलटून विंचू पाहिला तर दगड होता तसा, त्याच बाजूने, त्याच खळीत परत ठेवावा लागतो. खालचा ओलावा हेच तिथल्या जिवांचं घर.

आता ‘किडाच तर आहे’ हा मुद्दा. याला हसून सोडून देण्यात अर्थ नाही, कारण संख्येच्या हिशेबात तो बरोबर आहे. रात्री महामार्गावरून गेलेल्या एका गाडीच्या काचेवर जेवढे पतंग चिकटतात, तेवढे एखादा फोटोवाला वर्षभरात मारणार नाही. दिंडोरी-निफाडच्या फवारणीची बरोबरी तर कोणीच करणार नाही. पण हा हिशेब सरासरीचा आहे आणि फोटोवाला सरासरीच्या मागे जात नाही. तो नेमका दुर्मीळ, एकाच कड्यावर, एकाच डबक्यात मिळणारा जीव शोधतो, आणि त्याच्या मागून तोच पत्ता घेऊन आणखी पंचवीस जण येतात. चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये शास्त्रीय वर्णनासह प्रसिद्ध झाली आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ती मूळ जागेवरून साफ केली. आपल्याकडच्या झाडावरच्या रंगीत टॅरंटुला कोळ्यांनाही परदेशात गिऱ्हाईक आहे. म्हणून अशा फोटोखाली ‘नाशिक जिल्हा, ऑगस्ट’ एवढं पुरे. नोंदीसाठी नेमकी जागा हवीच असेल तर आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर करून दाखवतात. तीच सवय व्हॉट्सॲप गटांत का नको?

शास्त्रज्ञ तर नमुने मारतातच, असं उत्तर येतं. मारतात. पण त्या टाचणीला चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि नमुना पुण्यातल्या प्राणिसर्वेक्षण विभागासारख्या संस्थेत शंभर वर्षांनीही तपासता येतो. फ्रीजमधल्या मुंगळ्याच्या फोटोतून यातलं काय मिळतं? इथे ए. ओ. ह्यूमची आठवण येते. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला हा अधिकारी पक्ष्यांचा जबरदस्त संग्राहक होता; १८८५ मध्ये त्याने ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात ऐंशी हजारांच्या आसपास नमुने होते. त्या काळी बंदुकीशिवाय पक्षी ओळखायची सोयच नव्हती, म्हणून आज आपण त्याला झोडपत नाही. चांगल्या दुर्बिणी आणि सचित्र पुस्तकं हाती आली तशी हौशी माणसाच्या बंदुकीची सबब संपली. मॅक्रोचंही तेच झालं आहे. रोलमध्ये ३६ फ्रेम, फिल्मची संवेदनशीलता ५० किंवा १००, निकाल कळायला आठवडा. त्या काळी किडा गारठवणाऱ्याची अडचण निदान समजण्यासारखी होती. आज सेकंदाला दहा-वीस फ्रेम घेणारा, आयएसओ १६०० वरही स्वच्छ प्रतिमा देणारा कॅमेरा हातात असताना कसली अडचण सांगता?

कलावंतांचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. मांडणी केल्याशिवाय कला होते का, असं ते विचारतात. याला नाशिकच्या मातीतच उत्तर आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कथापट काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेमफ्रेमने टिपून पडद्यावर दाखवली होती. रोप कुंडीतलं, कॅमेरा ठरवलेला, दिवसांचा काळ मिनिटांत आवळलेला. मांडणी पुरेपूर होती. पण रोपाने केलं ते रोपच करतं, आणि पाहणाऱ्याला काळ आवळल्याचं उघड दिसत होतं. याच्या उलट १९५८ च्या एका गाजलेल्या अमेरिकी माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी विकत आणून कड्यावरून ढकलले गेले आणि ‘सामूहिक आत्महत्या’ म्हणून दाखवले गेले. तो खोटा समज आजही लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. पानाची छत्री धरलेला बेडूक, भुंग्यावर स्वार झालेली गोगलगाय हे त्याच माहितीपटाचे वंशज. घरच्या टेबलावर, पाळलेल्या कोळ्याचा फोटो काढा, स्टुडिओचे दिवे लावा, हरकत नाही. खाली ‘स्टुडिओ’ असं लिहा.

बंदीची मागणी करणाऱ्यांचं दुःख खोटं नाही. अंजनेरीच्या नावानेच ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका फुलली की तिच्याभोवती गोल करून बसणारी माणसं शेजारची न फुललेली रोपं तुडवतात. या फुलाची नळी म्हणजे बारीक माश्यांसाठीचा सापळा. आतले केस सुकेपर्यंत माशी अडकून परागकण वाहते. ते ‘आतून’ दाखवण्यासाठी नळी चिरायचा मोह कोणाला झाला तर त्या फुलाचा हंगाम तिथेच संपला. पण अंजनेरीच्या डोंगरावर रस्ता नेण्याचा बेत निघाला तेव्हा विरोधकांनी पुढे केली ती इथल्या वनस्पती आणि गिधाडं यांचीच साक्ष. कॅमेरे हद्दपार केले तर पुढच्या वेळी ही साक्ष आणणार कुठून? कायदा म्हणाल तर तो आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणंही येतं, आणि त्या कायद्याच्या अनुसूचींत फुलपाखरंही आहेत. नवख्याने डबीत घातलेलं फुलपाखरू कोणतं, हे त्याला कळेलच असं नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्यातल्या छायाचित्रणाला अधिवासात बदल न करण्याची, त्याला अपाय न होऊ देण्याची अट शब्दांत घातली आहे. नांदूर मध्यमेश्वरला ती लागू आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगडला लागू आहे. पण गवतात पालथ्या पडलेल्या माणसाच्या खिशात डबी आहे का, हे बघायला वनरक्षक पुरणार नाहीत.

खरी गोम पैशाची आहे. पंधरा जणांची कार्यशाळा, प्रत्येकाने फी भरलेली, दहा वाजता नाश्ता; तोवर प्रत्येकाला मँटिस (पुढचे पाय जोडून बसणारा शिकारी किडा) ‘दाखवायचाच’ असतो. मग आयोजकाच्या पिशवीतून आदल्या दिवशी पकडलेल्या डब्या निघतात आणि एकच कोळी पंधरा जणांसमोर फिरतो. गट सहाच्या वर नको आणि जाहिरातीत ‘हमखास दर्शन’ नको, एवढं पाळलं तर डब्यांची गरजच उरत नाही. स्पर्धांचं त्याहून सोपं आहे. २००९ च्या लांडग्याच्या आणि २०१७ च्या मुंगीखाऊच्या विजेत्या फोटोंनी जगातल्या नावाजलेल्या वन्यजीव स्पर्धेची नाचक्की केली. पहिल्यात प्राणी माणसाळवलेला ठरला, दुसऱ्यात पेंढा भरलेला, आणि दोन्ही बक्षिसं परत घेतली गेली. परीक्षकांना फसवणूक ओळखायच्या खुणा माहीत हव्यात. कोळी पाय ताणतो ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने. दाब गेला की पाय पोटाखाली वळतात, त्यामुळे पाय आवळून ‘ध्यानस्थ’ बसलेला कोळी बहुधा मेलेला असतो. भर उन्हाची धारदार सावली आणि अंगावर गोल, टपोरे, सारख्या अंतरावरचे थेंब एकत्र दिसले तर दव नाही, फवारा आहे. पण सगळ्यांत खात्रीची तपासणी आधीच्या-नंतरच्या फ्रेमची. खऱ्या भेटीत पहिले फोटो लांबचे, तिरके, फसलेले असतात, मग हळूहळू जवळचे, आणि शेवटचा बहुतेक वेळा रिकाम्या काडीचा. टेबलावरच्या किड्याची पहिलीच फ्रेम परिपूर्ण असते. तेव्हा यंदाच्या पावसाळी स्पर्धांच्या प्रवेशअर्जात तीन रकाने वाढवा: विजेत्याकडून पूर्ण मालिकेच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या मूळ फाइल्स) मागवल्या जातील, मान्य आहे का, जीव हलवला, थंड केला किंवा पाळलेला आहे का, आणि किती फ्रेम जोडल्या. दुसऱ्या रकान्यात ‘हो’ लिहिणाऱ्याला बाद करू नका, त्याच्यासाठी वेगळा विभाग ठेवा. रकाना रिकामा सोडणाऱ्याला मात्र बाद करा.